गरमी जाते कुठी?

नागपुरात उन्हाच्या नावानं बोटं मोडणारी माणसं मी उदंड पाहिली. पण गाडीत पुरेसं गरम होत नाही म्हणून दिवाळीपासून जिवाला घोर लावून घेतलेला माणूस सबंध शहरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

गंगाधरराव धकाते त्यांचं नाव. सक्करदऱ्याची आमची अख्खी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. थंडी सुरू झाली की हे काकाजी रोज सकाळी आपली जीप दारात काढायचे आणि जो कोणी समोरून येईल त्याला धरून डाव्या सीटवर बसवायचे. बसायचं ते चपला-मोजे काढून, अनवाणी. मग इंजिन सुरू करायचे, डॅशबोर्डखालचा एक खटका ओढायचे आणि बसलेल्याच्या तोंडाकडे टक लावून विचारायचे, "बोला जी. पायाले काय वाटून राहिलं?"

दूधवाला बसून गेला. पोस्टमन बसून गेला. समोरच्या घरी श्राद्धाला आलेले भटजीसुद्धा सोवळ्यात बसून गेले. प्रत्येकाच्या पायाला काहीतरी वेगळंच वाटायचं. दूधवाला म्हणाला, "ठीक हाय." पोस्टमन म्हणाला, कोमट. भटजी म्हणाले, "मुंग्या आल्या." काकाजी कपाळावर हात मारून घ्यायचे. "इंजिनात एवढी आग हाय. मग पायापर्यंत काहून येत नाही? गरमी जाते कुठी?"

हे "गरमी जाते कुठी?" मी त्या हिवाळ्यात इतक्यांदा ऐकलं की ऑफिसात फाइल हरवली तरी माझ्या तोंडून तेच निघायला लागलं.

काकाजींचा धंदा लुगड्यांचा. मूळचे उमरेडचे, घराणं विणकरांचं. वडलांच्या मागाशेजारी लहानाचे मोठे झाले, पुढे माग सोडला आणि उमरेडची लुगडी आणून इतवारीतल्या दुकानदारांना द्यायला लागले. माग सुटला तरी मागावरची बोली काही सुटली नाही. कुठलीही अडचण सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "धागा धरून चाला जी. तुटला कुठी, ते बरोब्बर सापडते." नळाला पाणी नाही? धागा धरून चाला. माझी बढती अडकली? धागा धरून चाला. मी बापडा धागा धरून थेट साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो आणि साहेबांनी मला दरवाजा दाखवला, ही गोष्ट वेगळी.

जीप त्यांनी त्याच वर्षी होळीनंतर घेतली होती, मिलिटरीच्या लिलावातली. वर कापडी हूड, बाजूंना कापडी पडदे, आणि चालताना असा आवाज की गल्लीतली झोपलेली पोट्टी उठून बसत. कुठल्याशा बर्फाच्या मुलखात फिरलेली गाडी, त्यामुळे तिच्यात हीटर होता. डब्याएवढी एक पेटी. इंजिनातलं गरम पाणी नळीनं तिच्यात येतं आणि पंखा त्यावरून वारा घेऊन आत फेकतो, एवढं मला पुढे समजलं. होळीनंतरच्या नागपुरात हीटरवाली गाडी आली म्हटल्यावर गल्ली पोट धरून हसली. "काय काकाजी, पापड वाळवता का आतमंधी?" असं जो तो विचारायचा. काकाजीही हसायचे.

दिवाळीनंतर मात्र त्यांचं हसू गेलं. त्याचं कारण आतल्या खोलीत होतं.

काकूंना दमा होता. उन्हाळा-पावसाळा बरा जायचा, पण थंड वारा लागला की छातीत भाता सुरू व्हायचा. आदल्या हिवाळ्यात तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. डॉक्टरांनी काकाजींना निक्षून सांगितलं, "हिवाळ्यात यांना वारा लागता कामा नये. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." तेव्हापासून थंडीत काकू आतल्या खोलीत, खिडक्या लावून, रबरी पिशवीत गरम पाणी घेऊन बसायच्या.

आणि त्यांची एकुलती एक लेक, शालू, दिली होती छिंदवाड्याला. आपल्या नागपूरची थंडी पाहुणी म्हणून येते, छिंदवाड्याची घरचीच. शालूला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण आईचीच उशापायथ्याशी कोणी बसावं अशी अवस्था, म्हणून शालूच्या सासूनंच सांगितलं की आम्ही इथंच करतो. मोठ्या मनाची बाई. पण काकूंच्या ते मनाला लागलं. आमच्या सौभाग्यवतीला, म्हणजे सिंधूला, त्या एकदा म्हणाल्या, "पोरीचं पहिलं बाळंतपण मले करता आलं नाही वं. आता बारशाले तरी जाता आलं असतं तं..." आणि तिथंच थांबल्या. बारसं पौषात येणार होतं, भर थंडीत. छिंदवाड्याची छोटी रेल्वे म्हणजे अर्धा दिवस वारा खात जायचं, आणि एस.टी.च्या खिडक्यांना काचा असतीलच असं नाही. राहिली ती जीप.

आता खरी गंमत ऐका. काकू काकाजींसमोर म्हणायच्या, "मले नाही जायचं कुठी. उन्हाळ्यात पाहीन लेकराले." आणि काकाजी काकूंसमोर म्हणायचे, "हीटर मी माह्या गुडघ्यांसाठी दुरुस्त करून राहिलो. तुह्या जाण्याचं मीनं नावच काढलं नाही." दोघांनाही एकमेकांचं सगळं ठाऊक. सबंध गल्लीला ठाऊक. मी मात्र पहिले पंधरा दिवस काकाजींच्या गुडघ्यांना लावायला तेल सुचवत होतो. आमच्या घरी म्हणूनच मला कोणी महत्त्वाचं काही सांगत नाही.

या प्रकरणात मी कसा अडकलो? तर माझ्या पायांमुळे. माझे पाय बारा महिने गार असतात. सिंधूनं हे आतल्या खोलीत जाऊन काकूंना सांगितलं, काकूंनी काकाजींना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना काकाजी ओट्यावर हजर. "तुमचे पाय थंडे राहतात म्हणे?"

"हो... म्हणजे, तसे..."

"बस्स. असाच माणूस पाहिजे होता. चला."

झालं. त्या दिवसापासून मी काकाजींचा कायमचा पायवाला. साहेबांच्या गाडीत बसायची आयुष्यात वेळ आली नाही, पण काकाजींच्या जीपमध्ये अनवाणी बसून मी अख्खा हिवाळा काढला. उमरेड रोडनं दिघोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत काकाजी दर थोड्या वेळानं विचारणार, "उजव्या पायाले?" "कोमट." "डाव्याले?" "कोमटच." "दोन्ही सारखं कोमट, की डावं जास्त कोमट?" सकाळच्या वेळी, चहा न घेता, माणसाला असले प्रश्न विचारावेत का हो? मी वाट्टेल ते उत्तर द्यायचो आणि काकाजी त्यावर दिवसभर विचार करायचे.

पहिला संशय पंख्यावर गेला. पंख्याची पेटी उघडली तर आत उंदरानं घर केलेलं. काकाजींना कोण आनंद! "हेच! धागा सापडला!" पेटी साफ झाली, पंखा भणभण फिरायला लागला आणि माझ्या पायांवर जोरात वारा यायला लागला. गारच, पण जोरात.

मग संशय नळ्यांवर. नळ्या काढून, धुऊन, फुंकून झाल्या. फुंकायला मी. तोंडात गंजाची चव दोन दिवस राहिली.

मग कोणीतरी काकाजींच्या डोक्यात भरवलं की हीटरच्या नळीत हवा अडकली असेल. ती काढायची तर गाडीचं तोंड उंच करून पाणी भरायचं. आता सक्करदऱ्यात चढ कुठून आणायचा? काकाजींनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती आमच्या ओट्यावर येऊन थांबली. रविवारी दुपारी मी जरा पडलो होतो. घरघराट ऐकून बाहेर येतो तर काय, दोन फळ्या लावून जीपची पुढची चाकं आमच्या ओट्यावर, तोंड आभाळाकडे, आणि बोनेट उघडून काकाजी लोट्यानं पाणी घालून राहिलेत.

"काकाजी! हे काय?"

"हवा निघून राहिली जी. गुडगुड ऐका न."

सिंधूनं त्याच सकाळी ओट्यावर रांगोळी काढलेली. ती दारात आली, जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्या रात्री जेवताना घरात फक्त ताटवाट्यांचा आवाज होता. आणि एवढं होऊन माझे पाय? कोमट.

त्यानंतर काकाजी म्हणाले, गरमी तयार होते, पण हूडच्या फटीतून पळून जाते. उमरेडहून सुताच्या चिंध्या आल्या, जुन्या लुगड्यांचे थर आले आणि काकाजींनी स्वतः सुई घेऊन पडद्यांना अस्तर शिवलं. शिवावं तर त्यांनीच, टाका दिसत नव्हता. फटी शोधायला त्यांनी काय केलं असेल? जीप बंद केली, मला आत बसवलं आणि माझ्या हातात पेटती उदबत्ती दिली. धूर जिकडे वळेल तिकडे फट. मी आपला डोळे चोळत, खोकत, उदबत्ती फिरवत बसलो. बाहेर भाजीवाली थांबली. तिनं पाटी खाली ठेवली आणि जीपला हात जोडले. तिच्या मागून येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनीही जोडले. एकीनं दुसरीला विचारलं, "कोणता देव हाय वं आतमंधी?" मी पडदा वर केला. माझा चेहरा पाहून दोघी घाईघाईनं निघून गेल्या.

एवढं सगळं करून पुन्हा दिघोरी, पुन्हा कोमट. बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. काकाजींचं बोलणं कमी झालं. त्यांना जेवण जात नव्हतं, असं काकूच सिंधूला सांगत होत्या. एका सकाळी परत येताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "मले समजूनच नाही राहिलं जी. मीनं लुगड्याचा एक तुटका धागा रात्रीच्या दिव्यात शोधला हाय. हे काहून सापडत नाही? एवढंसं काम हाय. बुढीले एकदा लेकरू दाखवून आणायचं, बस."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "पण काकाजी, गाडी मात्र तुमची नंबर एक."

हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. जीपची एक गोष्ट ते सगळ्यांना अभिमानानं दाखवायचे. डॅशबोर्डवर इंजिनाच्या गरमीचा काटा होता, आणि तो कधीही हलायचा नाही. नागपुरात गाडीची याहून मोठी तारीफ नाही. उन्हाळ्यात इथं रस्तोरस्ती बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. ज्याचा काटा हलत नाही तो राजा. काकाजी काट्यावर बोट आपटून म्हणाले, "तेच तं! पाहा न. दिघोरीपर्यंत गेलो, आलो. काटा थंड्यावर तो थंड्यावर. जूनच्या उन्हात बी हलला नाही बाप्पा."

मी काट्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मला मोटारीतलं काडीचं कळत नाही, आणि म्हणूनच मी विचारलं, "काकाजी, इंजिन जर गरमच होत नाही, तर त्याची गरमी पायापर्यंत यायची कशी?"

काकाजींनी काट्यावरचं बोट मागे घेतलं. मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोललो. मी "म्हणजे मला तसं काही..." असं पुटपुटायला लागलो, पण त्यांनी गाडी सुरू केली आणि तडक घर गाठलं. पायांचीही चौकशी नाही.

संध्याकाळी स्वतःच आले. ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीनंच काढाले लावली जी," म्हणाले.

"काय?"

मग उलगडा झाला. मे महिन्यात ते काकूंना घेऊन उमरेडला निघाले होते. भर दुपारी, झाड ना झुडूप अशा जागी जीप उकळली. वाफेचा लोट, वर ऊन, आणि काकूंना घेरी आली. काकाजींनी त्यांना पदरानं वारा घालत कसंबसं एका शेतातल्या विहिरीपर्यंत नेलं. परत आल्या आल्या तडक सलीम मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "काही बी करा, पण ही गाडी पुन्हा गरम नाही झाली पाहिजे." सलीम मिस्त्रीनं इंजिनातली एक पितळी झडप काढून टाकली. इंजिन तापेपर्यंत ही झडप पाणी अडवून धरते. ती काढली की पाणी सारखं रेडिएटरकडे पळतं आणि गार होत राहतं. उन्हाळ्यात छान. आणि हिवाळ्यात माझे पाय.

आम्ही दोघं सलीम मिस्त्रीकडे गेलो. त्याला काहीच वाटलं नाही. "अरे काकाजी, नागपूर में किसकी गाडी में रहता है वो? मई लगा की हम सबसे पहले वोही निकालते हैं." त्यानं फळीवरून तुपाचा एक जुना डबा काढला आणि पुढ्यात ओतला. शहरातल्या झाडून सगळ्या मोटारींच्या झडपा त्यात. "आपकी इसी में है. कौन सी, वो मत पूछना."

आता त्यातली चालणारी झडप कोणती, हे ओळखायची रीत अशी की गरम पाण्यात टाकायची. पाणी तापलं की झडप उघडते, गार झालं की मिटते. काकाजी सगळा डबा घरी घेऊन आले आणि स्वैपाकघरात शिरले. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला, त्यात झडपा. काकू शाल गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय शिजवून राहिले अजी?"

"तू आत जाय. वारा लागन."

"माह्या चहाच्या गंजात लोखंड?"

"पितळ हाय वं."

काकू गेल्या नाहीत. आम्ही तिघं गंजावर वाकून बघत राहिलो. पाणी खळखळलं तरी एकीचीही हालचाल नाही. काकाजींचा चेहरा उतरला. आणि मग मधली एक झडप हळूच उघडली. काकूंच्याच आधी लक्षात आलं. "हे पाहा, हे! तोंड उघडलं तिनं!" काकाजींनी चिमट्यानं ती उचलून गार पाण्यात टाकली. मिटली. पुन्हा गरम पाण्यात. उघडली. तो म्हातारा माणूस लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. काकू हसता हसता खोकायला लागल्या आणि त्याबरोबर टाळ्या थांबल्या.

झडप बसली. दुसऱ्या दिवशी दिघोरीच्या अलीकडेच मी ओरडलो, "काकाजी, भाजतंय!" काटा मध्यावर आला होता. काकाजींनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि रस्त्याला वाकून नमस्कार केला. कुठल्या देवाला, ते मी विचारलं नाही.

शालूला मुलगी झाल्याची तार आली आणि बारशाच्या सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, आम्ही निघालो. मला रजा टाकायला लावली होती. वाटेत काकूंना त्रास झाला तर धरायला कोणी पाहिजे म्हणून. मी मागे बसलो. मागच्या बाजूला हीटरची गरमी येत नाही हे मला तेव्हा कळलं. पुढे काकू, दोन शाली, कानाला रुमाल, पायात लोकरीचे मोजे, मांडीवर दुपट्याचं गाठोडं. सावनेर गेलं, सौंसर गेलं, घाट सुरू झाला. घाटात वारा असा की पडदे फडफडत होते आणि माझे दात वाजत होते. काकाजी दर वळणावर विचारायचे, "बरं हाय का वं?"

"बरं हाय. तुम्ही समोर पाहा."

"पायाले?"

"पाय गरम हायेत."

"वरून वारा?"

"कुठचा वारा! मले तं घाम येऊन राहिला."

काकाजी खुशीत येऊन शीळ घालायला लागले. इतक्या वर्षांत त्यांची शीळ मी पहिल्यांदाच ऐकली. फारच बेसूर होती.

छिंदवाड्याला पोचलो तेव्हा शालू दारात आली. काकूंना उतरताना बघून ती सरळ पुढे आली. दोघी मायलेकी तशाच गळ्यात गळा घालून उभ्या. शेवटी शालूच्या सासूबाईंनीच त्यांना आत नेलं, कारण बाहेर वारा होता. काकूंच्या मांडीवर नात ठेवली. काकूंनी तिला एकदा पोटाशी धरलं आणि मग कितीतरी वेळ कोणाला देईनात. खोकला नाही, भाता नाही. मी बैठकीत बसून हे सगळं दारातून पाहिलं आणि माझे डोळे भरून आले, यात लपवण्यासारखं काही नाही.

बारसं लागलं, घुगऱ्या वाटल्या, तरी काकाजींचा पत्ता नाही. मी त्यांना शोधायला बाहेर आलो. ते जीपमध्ये बसले होते. पण स्टिअरिंगवर नाही. डाव्या सीटवर, काकूंच्या जागी. इंजिन चालू.

"इथं काय करताय काकाजी? आत बोलावतायत."

"गाडी गरम ठेवून राहिलो. परतताना सीट थंडी नको." मग म्हणाले, "अन् म्हटलं, एकदा बसून तं पाहावं. मी कधी एथी बसलोच नाही जी. तुम्हाले विचारलं, पोस्टमनले विचारलं, हिले विचारलं. मी आपला नेहमी तिकडं."

त्यांच्या हातात काहीतरी होतं. मी वाकून पाहिलं. लोकरीचा मोजा. बाईमाणसाचा, एकच.

"हा मोजा एथी काहून?" काकाजी खरोखरच गोंधळले होते. "एथी खोसला होता." त्यांनी बोट दाखवलं. समोरच्या काचेची चौकट आणि बाजूचा पडदा जिथं मिळतात, तिथं बसणाऱ्याच्या अगदी कानाशी, चांगली तीन बोटांची फट होती. उभ्या गाडीत उदबत्तीला ती सापडली नसावी, आणि मी दिघोरीपर्यंत कान बांधून फक्त पायांकडेच लक्ष देत बसायचो. मोजा काढल्याबरोबर तिच्यातून बाहेरचा वारा सरळ आत शिरत होता. मी हात धरला. सुरीसारखा लागला.

घाटात हाच वारा काकूंच्या तोंडावर आला असणार. आणि त्यांनी काय केलं? कोणाला दिसू न देता एका पायातला मोजा काढला, फटीत कोंबला, त्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाल्या, मला घाम येतोय.

काकाजींना हे माझ्याबरोबरच समजत होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते.

"मले सांगतलं असतं तं मी गाडी वळवली असती," ते म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगितलं काकाजी."

ते मोज्याकडे बघत राहिले. "तीस वर्षं झाली लग्नाले. मी रोज विचारतो, बरं हाय का वं? रोज म्हणते, बरं हाय." त्यांनी मोजा मुठीत आवळला. "कितीदा खोटं बोलली असन जी?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, उतरून बोनेटला वळसा घातला, इंजिन बंद केलं आणि मोजा हातात घेऊन घरात शिरले. मी मागोमाग.

आतली खोली बायकांनी भरलेली. शालूच्या सासरच्या, शेजारच्या. मध्ये काकू, मांडीवर नात. लेकीच्या सासरी बाप दारातूनच बोलतो, डोळे खाली ठेवतो. काकाजी मात्र बायकांच्या गर्दीतून वाट काढत सरळ आत गेले. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. काकाजी काकूंसमोर उकिडवे बसले. लुगड्याच्या काठाखालून त्यांचं एक उघडं पाऊल दिसत होतं. ते त्यांनी दोन्ही हातांत धरलं, थोडं चोळलं आणि मोजा चढवायला लागले.

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. शालू दाराला धरून रडत होती.

काकू लाजेनं लालबुंद झाल्या. पाय मागे घेता येईना, मांडीवर लेकरू. "अजी, काय करून राहिले? लोक पाहून राहिले ना!"

काकाजींनी मोजा टाचेवरून नीट वर ओढला.

"पाहू दे," ते म्हणाले.